फिरकीसमोरचे पाय

एखाद्या पोराला फिरकी खेळता येते की नाही, हे मी बॅटकडे बघून ठरवत नाही. पाय बघतो. त्यातही चकल्यानंतरचे पाय. ऑफस्पिनरचा चेंडू बाहेरून आत आला, बॅट-पॅडच्या फटीतून निघून कीपरच्या हातात गेला आणि जवळ उभ्या असलेल्या चौघांनी डोक्याला हात लावले. आता पुढच्या चेंडूला त्याचा पाय कुठे पडतो? टप्पा पुढे असेल तर तो चेंडूपर्यंत पुरता पोचला, किंवा टप्पा आखूड दिसताच मागचा पाय यष्टींना लागेल इतका आत गेला, तर पोरगं कसोटीच्या मातीचं आहे. पाय जागच्या जागी नुसता हलला आणि बॅट एकटीच चेंडूमागे गेली, तर त्याचं तंत्र कितीही देखणं असो, तो फार वेळ टिकत नाही.

साताऱ्यात मी मुलामुलींना फलंदाजी शिकवतो. आमच्याकडची, म्हणजे सातारा-सांगली भागातली, बहुतेक पोरं मॅटवर वाढतात. खाली सिमेंट किंवा चोपलेला मुरूम, वर काथ्याची मॅट, कडांना खिळे ठोकून ताणलेली. मॅटवर चेंडू भरपूर वळतो आणि छातीपर्यंत उठतो, पण उठतो तो एकसारखा. दोन-तीन षटकांत त्याचा हिशेब बसतो. त्यामुळे आमची पोरं कट झकास मारतात, पुल झकास मारतात. मग निवड चाचणीसाठी पुण्याला जातात आणि तिथे टर्फ भेटते. एक चेंडू वळतो, दुसरा तसाच सरळ येतो, तिसरा घोट्याच्या वर उठतच नाही. परत आल्यावर सांगतात, "सर, लई वळतोय बॉल." आणि स्कोअरबुक उघडून एकेकाला विचारत गेलं, तर निम्मे तरी न वळलेल्या चेंडूवर पायचीत किंवा त्रिफळाचीत झालेले असतात.

हे फक्त आमच्या पोरांचं नाही. 2017 साली पुण्याजवळ गहुंज्याला ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत 35 धावांत 6-6 बळी घेतले आणि भारत 105 आणि 107 धावांत संपला. त्याचे सगळेच चेंडू काही हातभर वळत नव्हते. वळणारा चेंडू बॅटची कड चुकवून जायचा आणि त्याची धास्ती घेतलेली बॅट पुढच्या सरळ चेंडूला बाहेरून जायची. 2024 मध्ये त्याच मैदानावर मिचेल सँटनरने सामन्यात 13 बळी घेतले. पहिल्या डावात विराट कोहली त्रिफळाचीत झाला तो फुलटॉसवर. टप्पाच न पडलेला चेंडू वळणार कुठून? तरी बाद झाला. एवढ्या मोठ्या फलंदाजाच्या मनातही आधीच्या चेंडूंचं वळण शिल्लक राहू शकतं, असं मी त्या बादातून वाचतो. त्या मालिकेत न्यूझीलंडने आपल्याला आपल्याच घरी 3-0 हरवलं. दुसऱ्या दिवशी नेटमध्ये पोरं दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नव्हती.

मी त्यांना सांगतो की वळण वाचायच्या आधी टप्पा वाचा. फिरकी चेंडू टप्प्यावर फक्त दिशा बदलतो. यष्टींच्या बाहेर जायला त्याला टप्प्यानंतर अंतर लागतं. टप्प्याशी जाऊन खेळलात तर वळायला जागाच उरत नाही. खोल मागे गेलात तर वळून झालेला चेंडू दिसतो आणि त्याप्रमाणे बॅट लावता येते. मरण आहे ते मधे, टप्प्यापासून तीन-चार फुटांवर, जिथे चेंडू वळला तर आहे पण तुम्हाला ते अजून कळलेलं नाही. गोलंदाजाची सगळी कला तुम्हाला त्या मधल्या पट्ट्यात उभं करण्यासाठी असते. तो चेंडूला उंची देतो, चेंडू डोळ्यांच्या रेषेच्या वर जातो, वाटतं पुढे पडेल, आणि तो अलीकडेच गळतो. पाय निघालेला असतो, पोचलेला नसतो.

याचा सराव बॅटशिवाय करून घेतो. पोराला क्रीझवर उभं करायचं, हात पाठीमागे, आणि सोळा-सतरा पावलांवरून मी हाताने चेंडू टाकायचे. त्याने फक्त पाय टाकायचा आणि तोंडाने 'पुढं' नाहीतर 'मागं' म्हणायचं. शब्द चेंडूचा टप्पा पडायच्या आत आला पाहिजे. सुरुवातीला सगळे 'पुढं' म्हणून मोकळे होतात, कारण पुढे जाणं हे धाडस वाटतं. मग खांदा, मान, डोकं कुठे आहे ते दाखवावं लागतं. पाय पुढे आणि डोकं मागे राहिलं, तर ते पुढे जाणं नव्हे. त्यानंतर बॅट देतो, पण खालच्या हाताची दोनच बोटं दांड्यावर. अंगठा आणि तर्जनी. असं धरलं की चेंडू ढकलताच येत नाही, तो बॅटवर येऊन पायाशी पडतो. सिली पॉइंट आणि शॉर्ट लेगचं पोट भरतं ते खालच्या घट्ट हातामुळे.

पूर्वी आणखी एक सोय होती. पॅड पुढे टाकायचं, बॅट त्याच्या मागे लपवायची, आणि पंच पुढच्या पायावर पायचीत देत नाहीत या भरवशावर षटकं काढायची. 2016 च्या अखेरीस भारताने डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी, स्वीकारल्यापासून तो भरवसा गेला. चेंडू यष्टींवर जाणार असेल तर पाय पुढे असला तरी बोट वर जातं. मला हे चांगलं झालं असं वाटतं. बॅटचं काम बॅटनेच केलं पाहिजे. मात्र जुन्या पद्धतीने शिकलेले वडील नेटच्या बाहेरून "पॅड लाव, पॅड लाव" ओरडतात, तेव्हा त्यांना समजवायला वेळ जातो.

आमच्या या भागाचा फिरकीशी एक जुना संबंध आहे, आणि तो मी प्रत्येक नव्या पोराला ऐकवतो. विजय हजारे सांगलीत जन्मले, 1915 साली. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय, अॅडलेडला, 1948 च्या जानेवारीत. त्या हजाऱ्यांना मार्गदर्शन केलं ते कुणा फलंदाजाने नव्हे, ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटने. ग्रिमेट लेगस्पिनर, कसोटीत 200 बळी घेणारा पहिला गोलंदाज. फलंदाजाने लेगस्पिनरकडे शिकावं, यात मला मोठं शहाणपण दिसतं. तुम्हाला मधल्या पट्ट्यात कसं ओढतात, हे ओढणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून माझ्याकडे प्रत्येक फलंदाजाला आठवड्यातून एक दिवस फिरकी टाकावी लागते. चांगली पडो की वाईट. चेंडू हातातून सुटताना मनगट कसं वळतं, उंची देताना मार पडायची भीती गोलंदाजाच्याही पोटात कशी असते, हे एकदा कळलं की समोरचा गोलंदाज राक्षस राहत नाही. 1952 मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार हजारेच होते, आणि सामन्यात 12 बळी घेतले होते विनू मांकड यांच्या डावऱ्या फिरकीने.

चिवटपणाचं उदाहरण म्हणून मात्र मी बंगळूरच सांगतो. मार्च 1987, सुनील गावसकरांची शेवटची कसोटी, जिंकायला 221 धावा आणि खेळपट्टीचा पार चुरा झालेला. पाकिस्तानच्या इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद यांनी सामन्यात प्रत्येकी 9 बळी घेतले. गावसकरांनी 96 काढल्या, दुसऱ्या कुणाला तिशी गाठता आली नाही, आणि भारत 16 धावांनी हरला. लोक त्या डावाला संयमाचा डाव म्हणतात. मला त्यात संयमापेक्षा ताजेपणा दिसतो. एखादा चेंडू उसळून ग्लोव्हजजवळून गेला, तरी पुढचा चेंडू ते तितकाच उशिरा, तितकाच अंगाजवळ, तितक्याच सैल हातांनी खेळत होते. घाबरून आधी बॅट गेली नाही, की चिडून मोठा फटका आला नाही. सोसणं आणि टिकणं यांत माझ्या लेखी एवढाच फरक आहे. सोसणारा मागच्या चेंडूचं ओझं घेऊन उभा असतो. त्या डावातला त्यांचा शेवटचा चेंडूही उसळलाच, आणि स्लिपमध्ये गेला. काही चेंडू कुणालाच खेळता येत नाहीत. पोरांना हेही सांगायला हवं, नाहीतर ती प्रत्येक बादात आपला गुन्हा शोधत बसतात.

सचिनचं उदाहरण पोरं मला उलट ऐकवतात. 1998, चेन्नई, पहिल्या डावात वॉर्नच्या चेंडूवर 4 धावांत बाद, दुसऱ्यात नाबाद 155. त्यात त्यांना षटकार आठवतात. मी त्यांना मालिकेआधीचा सराव आठवायला लावतो. लेगस्टंपबाहेरची जमीन मुद्दाम खरवडून घेऊन त्याने लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून त्या खडबडीत भागात चेंडू टाकून घेतले होते. वाईट खेळपट्टी त्याने आधी स्वतः तयार केली. आक्रमणाचा निर्णय त्या तयारीवर उभा होता.

मॅटखाली खडे सरकवून मीही तसं काही करू बघतो, पण ते टर्फ नव्हे. सिमेंटवर घडून मोठं होता येतं, यात शंका नाही. स्मृती मानधना सांगलीतच घडली, आणि 2024 मध्ये चेन्नईच्या कसोटीत तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 149 केल्या. पण अशी गुणवत्ता रोज जन्मत नाही. उरलेल्यांना तुटलेली माती पायाखाली मिळाली पाहिजे. आमच्याकडे कृष्णाकाठची काळी माती आहे, वाळली की भेगाळते आणि चेंडू खाली राहतो. फिरकीचा याहून कडक मास्तर शोधून सापडणार नाही.

म्हणून ज्या ज्या मैदानावर टर्फ आहे, तिथल्या मंडळींकडे माझी एकच मागणी असते. दोन-तीन दिवसांचा सामना संपला की त्या खेळपट्टीवर लगेच पाणी मारून रोलर फिरवू नका. बुटांच्या खुणा, भेगा, उखडलेले टप्पे आहेत तसे राहू द्या, आणि आठवडाभर ती पट्टी पोरांना द्या, सोबत दोन फिरकी गोलंदाज द्या. बॉल आम्ही आमचे आणू.