बाकी

एसटीचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर पेनानं आकडा खरडायचा, तिकीट आपल्या हातात कोंबायचा आणि "उतरताना घ्या" म्हणत पुढच्या बाकाकडं सरकायचा. याला बाकी म्हणायचं. सुटे नसले की बाकी. मग खिडकीबाहेर उसाचे फड असोत नाहीतर गुऱ्हाळाचा धूर, एक डोळा कंडक्टरवर. तो मध्येच बदलला तर? विसरला तर? आणि आपणच विसरलो तर?

मी विसरलो. १९७९ च्या मे महिन्यात कराडहून साताऱ्याला मामाकडं निघालो होतो, पहिल्यांदाच एकटा. अण्णांनी पाचाची नोट दिली होती, ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याच्या चित्राची. अर्धं तिकीट. मागं आकडा पडला २.७५. साताऱ्याच्या स्टँडवर फलाटावर मामा दिसला आणि मी दारातून उडीच मारली. गाडी पुण्याकडं निघून गेली, तिकीट मुठीत राहिलं. मामा पोट धरून हसला. म्हणाला, "जपून ठेव ते. एसटी तुझं देणं लागते." मी ते भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. पुस्तक पुढच्या वर्षी निम्म्या किमतीला विकलं, तिकिटासकट.

घरी आल्यावर अण्णा रागावले नाहीत. ते शाळामास्तर, दिसेल त्या गोष्टीचा धडा करायची त्यांना खोड. खिशातून दहाची नोट काढून म्हणाले, वाच. धारकाला दहा रुपये अदा करायचं वचन, खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही. "म्हणजे ही पण बाकीच," अण्णा म्हणाले. "तुझ्या कंडक्टरनं पेनानं लिहिली, यांनी छापून घेतली." मग एकाची नोट काढली. तिच्यावर वचन नव्हतं. ती सरकारची, सही अर्थसचिवाची. मला एवढंच कळलं की जगात एक रुपया तेवढा रोख आणि वरचं सगळं उधार. त्यांनी शिकवलेल्या पुष्कळ गोष्टींपेक्षा ही जास्त लक्षात राहिली.

आजीचं सरकारशी वेगळंच भांडण होतं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले, नवे पैसे म्हणत तेव्हा. आजी मात्र शेवटपर्यंत आण्यांत जगली. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे आण्याला सव्वासहा पैसे. पण पाव पैशाचं नाणंच नाही, म्हणून एका आण्याचे सहाच धरायचे. "मग वरचं पाव कुणी खाल्लं?" हा तिचा सवाल. समजावून सांगणाऱ्याला ती आणखी चिडून विचारायची. चार आण्यांचे मात्र बिनचूक पंचवीस होत, म्हणून ती घेईल ते चार आण्यांचं घ्यायची. खोबरं चार आण्यांचं, चहापूड चार आण्यांची. गरज तीन आण्यांची असली तरी.

तिचे पैसे कनवटीला असत. लुगड्याच्या निऱ्यांशेजारी बोटं खुपसून ती नाणं काढायची आणि ते हातात पडलं की ऊबदार लागायचं. आजोबांचे बंडीच्या आतल्या खिशात, अण्णांचे सदऱ्याच्या खिशात, छोट्या डायरीत घडी करून. कोण कुठून पैसे काढतं यावरून घरातल्या माणसाचा दर्जा कळत असे. आईचे पैसे कुठून येत ते मात्र कधी दिसलं नाही. ती "थांब" म्हणायची, स्वयंपाकघरात जायची आणि घेऊन यायची.

पगार पाकिटात यायचा. अण्णा तो पहिल्या तारखेला चटईवर मांडून वेगवेगळ्या लखोट्यांत भरत: किराणा, दूध, भाडं, फी. उरेल ते आईच्या हातात. उरेल ते, यावर आमच्या घराचं अर्धं अर्थशास्त्र उभं होतं.

मी नोकरीला पुण्यात आलो आणि पाकीट पँटच्या मागच्या खिशात गेलं. त्यात नोटा कमी आणि कागद जास्त. विजेच्या बिलाच्या पावत्या, दोन पासपोर्ट फोटो, कुणाकुणाचे पत्ते. पुढं कंबर धरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या देण्याआधी पाकीट काढायला लावलं. बसताना एक बाजू उचलली जाते, म्हणाले. म्हणजे वीस वर्षं मी पैशांवर बसलो होतो आणि नुकसान मणक्याचं झालं.

कार्ड आलं ते साधारण या शतकाबरोबर. लक्ष्मी रोडवर आईला साडी घेतली. दुकानदारानं कार्ड यंत्रातून ओढलं, चिठ्ठीवर माझी सही घेतली, कार्ड परत दिलं. बाहेर आल्यावर आई पिशवी छातीशी धरून पायरीवरच थांबली.

"पैसे द्यायचे राहिले."

"दिले की, आई."

"कधी? मी समोरच होते. त्यानं घेतलं काहीतरी, पण परत दिलं तुला."

हसण्यावारी नेलं खरं. पण तिचं म्हणणं चूक नव्हतं. द्यायचं म्हणजे आपल्याकडचं कमी व्हायला हवं, हात हलका व्हायला हवा. इथं गेलेली वस्तू जशीच्या तशी खिशात परत आली होती. महिनाअखेरीस मलाही तिच्यासारखंच वाटायचं: कधी दिले एवढे?

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. रात्री आठला टीव्हीवर पाचशे आणि हजारच्या नोटांचं ऐकलं. माझ्या पाकिटात तीन नोटा होत्या, फार काही वाटलं नाही. शनिवारी कराडला गेलो. अण्णा बाहेर पेपर वाचत होते. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि फळीवरचा हरभराडाळीचा डबा खाली घेतला. डाळीत हात घालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत रुमाल, रुमालात नोटा. पाचशेच्या सदतीस. साडेअठरा हजार.

"कुठून आले?"

"बाकीचे," ती म्हणाली.

भाजीतून उरलेले, रद्दीचे, भाऊबीजेचे, माहेराहून कुणी हातावर ठेवलेले. दहा-वीस साठत गेले की वाण्याकडून बंदी नोट करून घ्यायची. तीस-पस्तीस वर्षं डाळ बदलत राहिली, पिशवी तीच. पैसे जातील याची भीती तिला नव्हती, तेवढा विश्वास माझ्यावर होता. तिला लाज वाटत होती, चोरी सापडल्यासारखी. ती मान वर करत नव्हती.

मी रांगेत उभा राहिलो. समोरासमोर बदलून मिळणार होते चार हजार, उरलेले खात्यात भरायचे. खातं अण्णांच्या आणि तिच्या नावावर, पासबुक अण्णांच्या डायरीशेजारी. संध्याकाळी अण्णांनी आकडा पाहिला. त्यांनी काही विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण. पण चष्मा काढून त्यांनी आईकडं थोडा वेळ पाहिलं, आणि ती उगीच भांडी आवरायला उठली.

रोखीच्या विरोधात आणि बाजूनं मी नंतर पुष्कळ वाचलं. काळा पैसा, पारदर्शकता, सगळं पटण्यासारखं. पण ज्यांच्या नावावर घरात काहीच नसतं त्यांना न बोलणारा पैसा लागतो, हे कुठल्या तक्त्यात बसवायचं मला अजून कळलेलं नाही. आता तिच्या खात्यातून शंभर रुपये हलले तरी मेसेज माझ्या मोबाइलवर येतो. नंबर माझा दिलाय, तिला वाचता येत नाही म्हणून. मी तो न वाचता पुसून टाकतो. निदान तसा प्रयत्न करतो.

जुन्या नोटा भरायची मुदत ३० डिसेंबरला संपली आणि त्याच दिवशी सरकारनं 'भीम' नावाचं ॲप आणलं. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांचं नाव त्याला दिलं. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालं होतं, मला कळायला मात्र कोरोना यावा लागला. नोटेला हात लावायची भीती वाटू लागली तेव्हा मी शिकलो, आणि शिकलो तो पुरता बिघडलो. आज पाकीट कपाटात असतं. त्यात शंभराची एक नोट आहे, बहुतेक.

सोय नाकारण्यात अर्थ नाही. सुट्ट्यांवरून होणारी तणतण, पाच रुपयांच्या जागी हातावर टेकवलेली दोन चॉकलेटं, फाटकी नोट अंधारात खपवणं, यातलं काहीही परत यावं असं मला वाटत नाही. पण आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडं पूर्वी त्रेचाळीस झाले की पन्नास द्यायचे, त्या पाच परत द्यायच्या आणि दोनाच्या मिरच्या नाहीतर कढीपत्ता पिशवीत टाकायच्या. कधी "राहू द्या, उद्या बघू". उद्या म्हणजे उद्या जावंच लागे. आता मी त्रेचाळीस टाकतो. डबी मोठ्यानं ओरडते, त्रेचाळीस रुपये मिळाले, अख्ख्या गल्लीला कळतं. मावशी मानसुद्धा वर करत नाहीत, पुढच्या गिऱ्हाइकाचे टोमॅटो तोलतात. कढीपत्ता बंद झाला ही गोष्ट माझ्या दोन वर्षांनी लक्षात आली. तो फुकटचा नव्हता, सुट्ट्यांचा होता.

आहेराच्या पाकिटावर अजून रुपया चिकटवलेला मिळतो. पाचशे एक, हजार एक. आजी सांगायची, पुरा आकडा देऊ नये, पुरा झाला की संपलं. परवा भाऊबीजेला नागपूरच्या बहिणीला पैसे पाठवताना मी मुद्दाम दोन हजार एक टाकले. तिचा लगेच फोन आला. ओवाळणीचं बोलून झाल्यावर जरा वेळ दोघंही गप्प, मग ती म्हणाली, "बाकी काय?" आणि अर्धा तास गेला.

गेल्या महिन्यात कराडहून परत निघालो. अण्णा जाऊन चार वर्षं झाली. आई दारापर्यंत आली आणि तिनं माझ्या मुठीत घडी करकरून एवढीशी केलेली पाचशेची नोट कोंबली. "वाटेत लागतील." वाटेत काही लागत नाही हे तिला माहीत आहे. नोटेला डाळीचा वास येत होता. मी काही बोललो नाही, घरातही वळून पाहिलं नाही.

गाडीत कंडक्टरनं तिकिटाचं यंत्र पुढं केलं, पडद्यावर क्यूआरचा चौकोन. मोबाइल हातातच होता. का कोण जाणे, मी नोट दिली. तो वैतागला. "एवढी मोड कुठनं आणू, काका? मोबाइल आहे की हातात." मी ओशाळून हसलो. त्यानं बॅग चाचपली, शंभराच्या दोन नोटा दिल्या, कानामागचं पेन काढलं आणि गुळगुळीत कागदाच्या पाठीवर उरलेला आकडा लिहिला. शाई नीट उमटेना, दोनदा गिरवला.

साताऱ्याला तो चहाला उतरला तेव्हा मीही उतरलो, त्याच्यावर नजर ठेवून. खंबाटकीत सगळी गाडी झोपली होती. कात्रज आलं तसा मी बॅग खांद्याला लावून उभा राहिलो. मागचे काका म्हणाले, "अहो बसा, स्वारगेटला वेळ आहे अजून."