तिसऱ्या घासाची उचकी

मराठीत 'पट्टी' या शब्दाच्या मागे कामे फार. घरपट्टी आणि पाणीपट्टी नगरपालिका घेते, काळी चारची पट्टी गायकाची, जखमेवरची डॉक्टरची. आणि फूटपट्टी तर आमच्या पिढीने तळहातावर अनुभवलेली आहे. २०१२ च्या डिसेंबरपासून आमच्या घरात या शब्दाला आणखी एक अर्थ येऊन चिकटला. आम्ही दोघे नवराबायको जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाच्या जठराभोवती, अगदी वरच्या टोकाशी, सिलिकॉनची एक पट्टी बसवलेली आहे. (त्याला या लेखात आम्ही 'पट्टीधारक' म्हणणार आहोत, 'जमीनधारक'च्या चालीवर शब्द बरा बसतो.) घास त्याच्या छातीत अडकतो, परंतु जेवण दोघांचेही थांबते. 'आम्ही' हे सर्वनाम येथे त्या अर्थाने घ्यावे.

तिशीतच वजन सव्वाशे किलोच्या पुढे गेलेले, मधुमेह मुक्कामाला आलेला, जिना चढून वर्गात पोचल्यावर पहिली दोन मिनिटे हजेरी घेण्याच्या निमित्ताने दम खाणे चाललेले. उपाय सगळे करून झाले होते, त्यांची यादी येथे देत नाही. शेवटी मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया झाली. ही पट्टी कापाकापी करीत नाही, जठराचा वरचा भाग नुसता आवळते. त्यामुळे वर दोन-चार चमचे अन्न मावेल एवढी पिशवी तयार होते आणि तिच्यातून खाली उतरायला एक अरुंद वाट उरते. पोटाच्या कातडीखाली बटणासारखी एक डबी असते. तिच्यात सुई घालून मिठाचे निर्जंतुक पाणी भरले की पट्टी घट्ट होते, काढले की सैल. एकूण नरसाळ्याचे तत्त्व. अमेरिकेत लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ मध्ये अशी कमी-जास्त करता येणारी पट्टी वापरली, बेल्जियमचे मितिकू बेलाच्यू यांनी १९९३ मध्ये ती दुर्बिणीतून बसवली, २००१ मध्ये अमेरिकेत तिला सरकारी मान्यता मिळाली. पुढे जठराचाच मोठा भाग कापून काढण्याची पद्धत रूढ झाली आणि पट्टी मागे पडली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आल्या तेव्हा वर्तमानपत्रे या विषयाने भरून गेली होती. त्यांची शस्त्रक्रिया त्या दुसऱ्या प्रकारची होती. पण आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी 'तुमचंही तेच ना, सर?' असे विचारून घेतले. असो.

आता अडकण्याविषयी. 'घशाखाली घास उतरेना' हा वाक्प्रचार आम्ही वर्षानुवर्षे दुःखाच्या प्रसंगांसाठी शिकवत आलो. त्याचा वाच्यार्थही असतो हे पट्टीने शिकवले. घास घशाखाली उतरतो, त्यात अडचण नसते. तो पुढे छातीच्या मधोमध थांबतो. कोणी आतून मूठ आवळावी तसा दाब येतो. तोंडात लाळ सुटते, आणि ती गिळावी तर तीही वरच उभी राहते. डोळ्यांना, नाकाला पाणी लागते. बोलता येत नाही. मग काही मिनिटांत, कधी अर्ध्या तासात, एक तर तो दाब हळूच खाली सरकतो, नाही तर घास जसाच्या तसा बाहेर येतो. त्याला ओकारी म्हणावी तर आंबट वास नाही; कारण ते अन्न पोटाच्या आम्लापर्यंत पोचलेलेच नसते.

पहिल्यांदा हे घडले ते २०१३ च्या पाडव्याला, आईच्या घरी. आई म्हणजे पट्टीधारकाची आई. राहणे घनसावंगी तालुक्यात, समर्थांच्या जांब गावापासून फार लांब नाही. त्या उन्हाळ्यातला दुष्काळ जालनेकरांनी विसरणे शक्य नाही. मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या आणि पाणी टँकरचे होते. तरी पाडवा म्हणून आईने पुरण घातले होते. दोन घास झाले आणि उचकी लागली.

"कोण आठवण काढायलंय रे?" आई म्हणाली.

उचकी ही पट्टीवाल्या पोटाची सूचना असते, वरची पिशवी भरत आल्याची, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. आठवण काढणाऱ्याला मान देऊन पट्टीधारकाने तिसरा घास घेतला. पुरणपोळी दिसायला मऊ; पण चावून तिचा पुन्हा गोळाच होतो. पुढचे सांगायला नको. तो परसात धावला, आणि नंतर टाकीतले दोन तांबे पाणी ते धुऊन काढण्यात गेले. आई दारात उभी राहून पाहत होती. एवढा घास आणि एवढे पाणी, दोन्ही मातीत. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने फक्त म्हणाली, "काहून रे, पुरण गोड लागंना का?"

आम्ही तिला शस्त्रक्रिया 'हर्निया'ची म्हणून सांगितली होती.

हे खोटे का बोललो, याचे उत्तर १९७२ मध्ये आहे. त्या दुष्काळात आई विशीतली होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरीची चव ती अजून सांगते, आणि सांगताना तोंड वाकडे करीत नाही. ताटात शीत उरलेले तिला चालत नाही. खरकट्या ताटात ती पाणी घालून ते पिऊन टाकत असे. अशा बाईला कसे सांगायचे, की पोट भरू नये म्हणून आपण पैसे मोजले? व्याख्यानाला उभे राहिलो तर अन्नसंस्कृतीवर आम्ही तासभर सहज बोलू. हे एक वाक्य मात्र आमच्याने होईना.

पुढचे काही महिने शिकण्यात गेले. रुग्णालयाने दिलेल्या इंग्रजी पत्रकात पाव, पास्ता आणि मांसाचे जाड तुकडे टाळण्याचा उपदेश होता. त्यातला पाव तेवढा आमच्या उपयोगाचा. बाकी जालन्याचे काय? आमची यादी आम्हीच चुकत-माकत तयार केली. गव्हाची ताजी, मऊ पोळी ही सर्वांत फसवी. बदनापूरकडच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या आधीपासून ती आमच्या घरात आहे. तिच्या भाकरीचा वरचा कडक पापुद्रा चावून चावून विनातक्रार उतरतो. आतला मऊ भाग मात्र वरणात भिजवल्याशिवाय जात नाही. मोकळा भात कधी जातो, कधी नाही. शेवग्याच्या शेंगेचा गर चालतो, धागे नाहीत. हुरड्याचा कोवळा दाणा चिकट म्हणून वर्ज्य, आणि हे दुःख मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला समजावून सांगणे कठीण आहे. मोसंबी तर जिल्ह्याची ओळख, तिलाही २०१६ मध्ये मानांकन मिळालेले. पण फोडीवरचे पातळ साल नेमके त्या अरुंद वाटेवर जाऊन बसते. मग रस. वरण, ताक, आंबील यांनी कधी दगा दिला नाही. शिवाय जे रात्री सहज जाते ते सकाळी जाईलच असे नाही. सकाळी पट्टी घट्ट वाटते. चिंता असली, घाई असली तरी तसेच होते. परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे पातळ भाज्यांचे प्रमाण वाढते ते यामुळे.

घास अंगठ्याच्या नखाएवढा घ्यायचा, तो पूर्ण खाली जाईपर्यंत हात ताटाबाहेर ठेवायचा, जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. हे सांगायला सोपे. पंगतीत बसून करून पाहावे! वाढपी तीनदा येऊन जातो तेव्हा आपला दुसरा घास चाललेला असतो. आग्रहाला नकार हा आपल्याकडे नकार मानतच नाहीत, ती आग्रहाची दुसरी पायरी असते.

तरीही अडकलेच तर पहिली गोष्ट म्हणजे खाणे थांबवायचे. उठून उभे राहायचे, संथ चालायचे. वरून पाणी ओतायचे नाही. बुच बसलेल्या बाटलीत पाणी ओतून बुच खाली जात नसते. सुटल्यावर तो दिवस केवळ पातळ पदार्थांवर काढायचा, कारण ती वाट आतून सुजलेली असते आणि लगेच पुन्हा जेवले तर पुन्हा अडकते. हा शेवटचा नियम पाळायला आम्हांला सर्वांत उशीर लागला. भूक तर असतेच, आणि सुटकेचा आनंदही असतो.

आणि घरी थांबायचे कुठवर, हेही ठाऊक हवे. त्याच वर्षी उत्तरपत्रिका तपासण्याच्या गडबडीत पट्टीधारकाने उभ्याउभ्या अर्धा वडापाव खाल्ला. अडकला. भोवती सगळे सुशिक्षित लोक. एकाने सोडा आणला. दुसऱ्याने, माशाचा काटा अडकल्यावर देतात तसे, केळे गिळायला लावले, आणि त्यानेही भिडेखातर गिळले. काट्याचा उपाय पट्टीला लावल्याने एकाचे दोन अडथळे झाले. रात्री तो खुर्चीत बसून होता, पुढ्यात पातेले. स्वतःची लाळही गिळता येत नव्हती. दुसरी एक शेजारी बसून 'होईल सकाळपर्यंत' म्हणत होती. ते चूक होते. पाणी किंवा लाळसुद्धा काही तास उतरत नसेल तर वाट पाहायची नसते. पहाटे गाडी करून आम्ही औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) गाठले. डॉक्टरांनी कातडीखालच्या डबीत सुई घालून पट्टीतले थोडे पाणी काढून घेतले. काही वेळाने दिलेला पाण्याचा घोट खाली गेला, आणि आमच्यातला एक जण रडला. कोण ते सांगत नाही. सतत उलट्या होत राहिल्या तर पट्टी जागेवरून सरकते, मग पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते, हे डॉक्टरांनी त्या दिवशी फार स्पष्ट शब्दांत सांगितले.

परतताना आम्ही थेट आईकडे गेलो आणि तिला सगळे सांगितले. फूटपट्टीएवढे वळण देऊन, चित्र काढून. ती ऐकत राहिली. एकच प्रश्न तिने विचारला:

"मंग भूक लागती का नाही?"

"लागते. थोडक्यात भागते."

"मंग बरंय," ती म्हणाली आणि आत गेली. आली ती काला घेऊन. भाकरी कुस्करून, पातळ वरणात भिजवून, बोटांनी मळून मळून तिने गंध उगाळल्यासारखे केले होते. दात न आलेल्या मुलांना आणि दात गेलेल्या म्हाताऱ्यांना ती हाच देत आली आहे. लेकाला कितीदा चावायचे ते मोजता येत नाही हे कळल्यावर तिने उपाय सांगितला: प्रत्येक घासाला तेराक्षरी मंत्र दोनदा मनात म्हण. जांबच्या शेजारची बाई दुसरे काय सांगणार? पट्टीधारक फारसा भाविक नाही. पण वेळेचे माप म्हणून तो मंत्र बिनचूक आहे, पत्रकातल्या आकड्यांहून बरा.

वर्गाचे मात्र तसे सुटले नाही. 'बलुतं' आणि 'अक्करमाशी' आम्ही दोघेही शिकवतो. त्यातली भूक शिकवताना समोर सकाळच्या पहिल्या एस.टी.ने, काही न खाता आलेली मुले असतात, आणि शिकवणाऱ्याच्या पोटात ती पट्टी. मधुमेह हाही आजारच, उपचार करून घेण्यात पाप नाही, हे सगळे आम्ही एकमेकांना सांगून झाले आहे. तरी त्या तासाला आवाज थोडा खाली येतो. एकदा तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने डबा पुढे केला; थालीपीठ आणि ठेचा होता. "एक घास घ्या ना, सर." सरांनी नखाएवढा तुकडा घेतला आणि इतका वेळ चावला, की ती ओशाळून म्हणाली, "आवडलं नाही का, सर?" फार आवडले म्हणून पुरवून खातो आहे, असे उत्तर त्यांनी दिले. ते अर्धे खरे होते.

आई आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. कवळी बसवल्यापासून तीही हळू जेवते. सुट्टीत गेलो की घरातले सगळे उठून जातात, खरकटी निघतात, आणि मायलेक दोघेच ताटावर उरतात. वाढण्यापूर्वी ती विचारते, "आज घट्ट हाय का सैल?" घट्ट असेल तर मुकाट्याने भाकरी वरणात टाकते. सैल असेल तर वरचा पापुद्रा काढून त्याच्या ताटात ठेवते आणि उरलेली भाकरी आपल्या.