कपाखालची नोट

अंबड

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज तुझ्या बापाने मला कौतुकाने वाचून दाखवला. वडीगोद्रीच्या टपरीवाल्याने चहा-भज्यांचे पैसे घेतले नाहीत, म्हणून तू कपाखाली शंभराची नोट सरकवलीस आणि सायकल दामटलीस. वर ऐट काय, तर ‘कुणाचं फुकट खायचं नाही, हा माझा नियम’! बाप हसला. माझं डोकं फिरलं. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ करून निसटतेस, म्हणून तू सायकलवर जिथे पोचणार, त्या सोलापूरच्या मावशीच्या पत्त्यावर हे पत्र टाकतेय.

अगं, त्याने तुला पाहुणी मानलं आणि तू हिशेब चुकता करून मोकळी झालीस! आणि गाव कोणतं, तेवढं तरी ध्यानात घ्यायचंस. वडीगोद्रीला लागून अंतरवाली सराटी. २०२३-२४ मध्ये अंतरवालीत मराठा आरक्षणाचं उपोषण, वडीगोद्रीत ओबीसींचं. त्या दिवसांत आपल्या अंबडातसुद्धा आडनाव कळलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. रोजच्या भाजीवाल्याशी बोलतानाही जीभ जपून वापरावी लागायची. तुझ्याच मेसेजात आहे, टपरीवाल्याने विचारलं काय, तर कुठून आलीस, कुठवर जाणार, घरी सांगून निघालीस ना. आडनाव नाही विचारलं. त्या टपरीवर! आणि तू त्याची किंमत लावलीस शंभर रुपये.

घेणं शिकावं लागतं, बाळा. देणं सोपं, त्यात आपला हात वर असतो. आपल्याच जिल्ह्यातल्या जांब गावचा पोरगा बोहल्यावरून उठून थेट नाशिकला गेला, तो काय तुझ्यासारखा तंबू आणि स्टोव्ह बांधून? पुढे समर्थ रामदास झाले तरी भिक्षेची लाज धरली नाही त्यांनी. दासबोधात भिक्षेवर अख्खा समास आहे. भिक्षेच्या निमित्ताने घरोघर फिरावं, माणसं पारखावी, असं ते सांगतात. तू तुझ्या त्या किलोमीटर मोजणाऱ्या घड्याळात काय पारखणार?

शेगावची पालखी आषाढी करून याच रस्त्याने परतते. तुझी आजी पहाटेपासून बंब पेटवायची, वारकऱ्यांच्या पायांसाठी. एकदा एका पोरसवदा वारकऱ्याने संकोचाने तिसऱ्या भाकरीला हात आडवा धरला, तर ही बाई संध्याकाळपर्यंत ‘पिठल्यात मीठ कमी पडलं का गं?’ करत बसली. त्याला वाटलं असेल, आपण यांना त्रास दिला नाही!

वणी तालुक्यातल्या पुनवटची प्रणाली चिकटे आठवते? २०२० च्या ऑक्टोबरात एकटी सायकलवर महाराष्ट्र फिरायला निघाली होती. करोनाचं वर्ष. तुझा बाप दारात आला तरी मी आधी हात धुवायला लावत होते. तशात त्या पोरीला लोकांनी घरात घेतलं, मुक्कामाला ठेवलं. तिनेही ते घेतलं, हे महत्त्वाचं.

म्हणून दिसेल त्याच्यावर विश्वास टाकायचा, असं नाही हं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, एकटी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. १५९ दिवस. तिला स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं होतं. हे मी कशाला लिहायला घेतलं! आता रात्रभर मलाच झोप नाही.

तर ऐक. मुक्काम मागायचा तो ओट्यावर बाईमाणूस दिसेल तिथेच, आणि आधी तिच्याशीच बोलायचं. कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नकोस, उतरून ती मध्ये धरून चाल. दिवेलागणीनंतर रस्त्यावर नाही म्हणजे नाही. उसाचा हंगाम आहे. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आपल्या जालन्याच्या सळयांचे ट्रक तर तुला माहीतच आहेत. हातभर सळ्या बाहेर आणि टोकाला एक लाल फडकं, ते अंधारात कुणाच्या बापाला दिसतंय?

पाण्याला नाही म्हणू नकोस. जेवणाला तर नाहीच. कुणी ताटावर बसवलं तर नंतर भांडी घासायला लाग. ते चालतं, नोट चालत नाही.

पोचलीस की आधी मला फोन कर, बापाला मागून.

तुझी,
आत्या

ता. क. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक एकदम दाबायचा नाही. हे पत्र मिळेल तेव्हा तू घाट उतरलेली असशील, कळतंय मला. तरी लिहितेय.