फोडणे, ठोकणे, मारणे

अचानक उठलेल्या मोठ्या आवाजाला ‘ओरडणे’ म्हणून मोकळे होता येते. मराठी मात्र तेवढ्यावर भागवत नाही. हंबरडा फोडतात, आरोळी ठोकतात, हाळी देतात. माझ्या मते खरा अर्थ नामामागून येणाऱ्या या साध्या क्रियापदात असतो. आतून अनावर झालेले फुटते. ठोकायला हेतू लागतो. बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात शाळूच्या कणसात दाणा भरला की राखणदार माळ्यावर चढतो, गोफणीत खडा धरतो आणि थवा उतरताच पोटातून लांबलचक ‘हाऽऽ’ ठोकतो. दचकतात ती पाखरे. तो तयारच असतो. कुणी म्हणेल, फोडणे सकर्मक आहे, म्हणजे तिथेही हेतू आलाच. पण ‘हाळी दे’, ‘ठोक आरोळी’ असे आपण सहज सांगतो. ‘हंबरडा फोड’ असे कुणी कुणाला सांगत नाही. व्याकरणात कर्ता असला तरी त्या आवाजावर त्याची सत्ता नसते.

‘मारणे’चा आक्षेप अधिक अवघड आहे. हाकही मारतात आणि बोंबही, मग क्रियापदाने सांगितले काय? सांगितली ती दिशा. हाक बहुधा एका माणसाकडे जाते, बोंब साऱ्या गावाकडे. पालथा हात तोंडावर आपटत मारलेली बोंब चोर आला, आग लागली की माणसे गोळा करायची. होळीला आजही ती तशीच उठते. ‘बोंबलणे’ म्हटले की मात्र ऐकणारा गाव नाहीसा होतो आणि उरतो नुसता कर्कश आवाज, म्हणूनच तो शब्द हेटाळणीचा झाला. बेलवाडीला तुकोबांच्या पालखीच्या गोल रिंगणात अश्व धावतो आणि हजारो मुखांतून एकदम नाम उठते. तोही आवाज मोठाच, पण त्याला कुणी ओरडणे म्हणत नाही. तिथे गजर ‘होतो’, कारण कर्ता कुणी एक नसतो.

बारामती-इंदापुरात नीरा डाव्या कालव्याचे पाणी पोचले तिथे ऊस आला. उसाला पाखरांची राखण लागत नाही. द्राक्षांवर जाळी आली. जिथे राखणीचे कामच उरले नाही, तिथे आरोळी मागे पडणारच, हे मी मान्य करतो. तरी हे सारे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत पाठ करून घेतात, ते मला मनापासून खटकते. मुलांना एवढेच सांगावे: प्रत्येकाचा आज्ञार्थ करून बघा, कुठला जिभेवर येत नाही ते पाहा.