ढोलीखालच्या बिया

खानापूर सोडलं की रस्ता झाडीत शिरतो. लोंढा, रामनगर, जगलबेट ही गावं मागे पडतात. त्यांच्या बाजारात मराठी, कोकणी आणि कानडी एकाच वाक्यात ऐकू येते. गणेशगुडीला सुपा धरणाची १०१ मीटर उंचीची भिंत समोर उभी राहते. या पाण्याच्या पोटात जुनं सुपा गाव आहे. तालुक्यालाही त्याचंच नाव होतं. गाव बुडालं आणि कारभार जोयड्याला आला. दिग्गीच्या डोंगरात उगम पावणारी काळी नदी दोनशे किलोमीटरही न वाहता कारवारला समुद्राला मिळते. एवढ्याशा वाटेवर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं तिला अडवतात आणि कैगाचा अणुवीज प्रकल्पही तिच्याच काठी आहे. तरीही तिच्या खोऱ्यात एवढं रान शिल्लक राहिलं, याचं मला प्रत्येक वळणावर नवल वाटत होतं.

माघ पौर्णिमेचे दिवस होते. उळवीला चन्नबसवेश्वरांची जत्रा भरली होती आणि धारवाडकडच्या बैलगाड्या घुंगरं वाजवत घाटरस्त्यानं चालल्या होत्या. गाडीवाले रात्री झाडाखाली मुक्काम करतात, सकाळी बैलांना पाणी दाखवून पुढे निघतात. आम्हाला जायचं होतं ते गुंद या उळवीच्याच बाजूला आहे. भाताची खाचरं, सुपारीच्या बागा, कुणब्यांची विखुरलेली घरं आणि चहूबाजूंनी काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, असं हे गाव. दांडेली अभयारण्य १९५६ सालचं, अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ सालचं. दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून तो नदीच्या नावानं ओळखला जातो.

आम्ही जमलो होतो धनेशाच्या ढोलींची नोंद करायला. सावंतवाडीहून दोन तरुण आले होते, फोंड्याहून एक शिक्षिका, धारवाडहून वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, आणि कोल्हापूरहून मी. ज्यांच्या घरी उतरलो त्या कुणबी शेतकऱ्याला सगळे मामा म्हणत. त्यांच्या बागायतीच्या कडेला एक जुना बेहडा आहे, त्यात महाधनेशाची जोडी दरवर्षी येते. रात्री मामींनी मुडली या कंदाची भाजी वाढली. कंदमुळं ही या भागातल्या कुणब्यांची खासियत. जोयड्यात कंदांचा मेळाही भरतो.

पहाटे आम्ही बागेतल्या खोपीत जाऊन बसलो. कॅमेरा काढायचा नाही, बोलायचं नाही, बेहड्याच्या जवळ जायचं नाही, हे आधीच ठरलेलं. तासभर काहीच हललं नाही. सावंतवाडीचा एकजण चुळबुळ करायला लागला तसे मामा हळूच कोकणीत म्हणाले, “मात्शें राव,” जरा थांब. मग पंखांचा आवाज आला. महाधनेश दिसण्याआधी ऐकू येतो. हवा कापत जाणारा, दम लागल्यासारखा आवाज. पिवळ्या चोचीचा तो अवाढव्य पक्षी ढोलीपाशी चिकटून बसला, मान मागे घेतली आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून फटीत सरकवू लागला. आत मादी बसलेली असते. विष्ठा आणि फळांचा गर यांनी तिनं ढोलीचं तोंड लिंपून घेतलेलं असतं, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवून. कित्येक आठवडे तिचा आणि पिलाचा जीव बाहेरून येणाऱ्या त्या नरावर असतो. या दिवसांत एक नर मारला गेला की घरटं संपतं.

नर उडून गेल्यावर बऱ्याच वेळानं आम्ही झाडाखाली गेलो. तिथं बियांचा खच होता. शिक्षिकाबाईंनी वर्तमानपत्र पसरलं आणि बिया वेगळ्या करायला बसल्या. अंजीर कुळातल्या फळांचा बारीक चोथा, चपट्या बटणासारख्या काजऱ्याच्या बिया, आणि लालभडक जायपत्रीचे धागे अजून चिकटलेलं रानजायफळ. ढोलीत न डोकावता आत कोणी आहे का, काय खाल्लं जातंय, कुठलं झाड कधी फळलं, हे सगळं या खचावरून कळतं. वहीत तारीख, वेळ, फळ, नर किती वेळा आला, असे रकाने होते. प्राध्यापक झाडांची शास्त्रीय नावं सांगत होते, मामा कोकणी नावं, आणि सावंतवाडीची मुलं दोन्ही लिहून घेत होती. अशीच वही देवरूखला आहे, अशाच वह्या गोव्यात आहेत. वेगळ्या ठेवल्या तर त्या हौशी टिपणांच्या वह्या. एकत्र लावल्या तर कुठल्या डोंगरापासून कुठल्या डोंगरापर्यंत रान सलग आहे, याचा तो पुरावा होतो.

पुराव्याची गरज किती खरी आहे ते इथून जवळच कॅसलरॉकला दिसलं. तिनईघाट–कॅसलरॉक–कुळें या रेल्वेमार्गाचं दुपदरीकरण ठरलं होतं. त्याच्या एका अंगाला काळी व्याघ्र प्रकल्प, दुसऱ्या अंगाला गोव्यात मोलें इथलं भगवान महावीर अभयारण्य. २०२० मध्ये ‘आमचें मोलें’ म्हणत गोव्यातली तरुण मुलं, चित्रकार, वनस्पती अभ्यासक, वकील उभे राहिले. गोवा फाउंडेशन न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीनं जागा पाहिली आणि या मार्गाची क्षमता वाढवणं समर्थनीय नाही असं सांगितलं. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य करून वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मोहीम गोव्याची होती, पण वाचलेल्या रानाचा एक तुकडा कर्नाटकात आहे. धारवाडच्या माणसानं फोंड्याच्या माणसाचे आभार मानावेत अशी ही गोष्ट आहे, आणि प्राध्यापकांनी ते खरोखरच मानले.

हे हातात हात घालणं काही आजचं नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये उत्तरेकडे नवापूरहून आणि दक्षिणेकडे कन्याकुमारीहून पश्चिम घाट बचाव पदयात्रा निघाल्या. फेब्रुवारी १९८८ मध्ये त्या फोंड्याजवळ रामनाथीला भेटल्या. महाराष्ट्रात पर्यावरण कार्यकर्ते जगदीश गोडबोले यांनी त्यासाठी गावोगावचे गट जोडले. याच उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसीजवळच्या साळकणी गावातल्या लोकांनी ८ सप्टेंबर १९८३ रोजी झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली होती. ती ‘अप्पिको’ चळवळ. आजच्या गटांमध्ये काम आहे, अभ्यास आहे, पण त्या पदयात्रेसारखं घरोघरी जेवणं आणि ऐकणं कमी झालंय, असं मला वाटतं.

ऐकण्याचं मोल याच जिल्ह्यात एकदा सिद्ध झालंय. १९७० च्या दशकात बांबू संपत चालला तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि बुरुडांवर येत होता. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी बांबूच्या बेटांत हिंडले तेव्हा वेगळंच दिसलं. गावकरी बांबू वरून तोडायचे, बुंध्याभोवतीचं काट्यांचं जाळं तसंच ठेवायचे. कागद कारखान्यासाठी तोड करणारे काटे साफ करून बुडातून तोडायचे, मग कोवळे कोंब गुरं आणि वानरं खाऊन टाकायची. जे गावकऱ्याला ठाऊक होतं ते शास्त्रज्ञानं मोजून दाखवलं.

म्हणूनच मामांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. दुपारी ओटीवर बसून त्यांनी विचारलं, “या वहीत पक्ष्याचं नाव आहे, झाडाचं आहे. आमचं कुठं आहे?” त्यांच्या ओळखीची काही घरं पैसे घेऊन जंगलाबाहेर गेली आहेत. व्याघ्र प्रकल्पातून उठणाऱ्या कुटुंबाला १० लाख मिळायचे, २०२१ पासून १५ लाख. गोव्यातले कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. डोंगराच्या या बाजूचे त्यांचे भाऊबंद अजून मागणीच करताहेत. निसर्गप्रेमी गटांनी गावकऱ्यांच्या अशा प्रश्नांकडे पाठ फिरवली तर काय होतं, ते जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला दिसलं. वाघांनी गुरं मारल्यानंतर विषानं एकाच कुटुंबातले चार वाघ मेले. गुरांच्या भरपाईचा अर्ज भरून देणारं, तो कचेरीत पुढे सरकवणारं माणूस शेजारी हवं. वाघाची नोंद ठेवणाऱ्या गटांनी हे काम आपलं मानलं पाहिजे, असं मी तिथं स्पष्ट बोललो आणि त्यावर वादही झाला. एकाचं म्हणणं, त्यानं आपली ताकद विभागली जाईल. मला ते पटलं नाही.

संध्याकाळी रानजायफळाच्या बिया मामांच्या सुनेनं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. ही बी सुकली की मेली, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी पिशव्यांत लावायची. रानजायफळाची गुडघ्यासारखी मुळं असलेली दलदल सिद्धापूरच्या कत्तलेकानात आहे, सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत आहे आणि दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याच्या देवराईतही आहे. बांबर्ड्याची २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. तिन्ही राज्यांत ती लोकांच्या देवानं राखली. सुनेची रोपं गुंदच्या ओढ्याकाठीच लागणार आहेत, लावणारीही तीच.

निघण्याआधी वहीत एक रकाना वाढवला, राखण करणाऱ्याचा. पहिलं नाव मामांचं पडलं. वनखात्याकडचा परवानगीचा अर्ज कानडीत प्राध्यापक लिहिणार, वहीची प्रत कोकणी नावांसह शिक्षिकाबाई करणार, भरपाईच्या अर्जांचे नमुने सावंतवाडीची मुलं जमवणार. पावसाळ्यात बेडकांच्या नोंदीसाठी पुन्हा गुंदलाच जमायचं आणि त्या वेळी उळवीपर्यंतच्या वाड्यांवरून दोन-दोन माणसं बोलवायची, असं ठरलं. माझ्याकडे वाड्यांची यादी करायचं काम आलं. ती मी मामांच्या ओटीवरच, त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहायला घेतली.