कॉटरचं देणं

नाशिकच्या भद्रकालीतल्या एका सायकल मिस्त्रींचा मी देणेकरी आहे. पैशांचा हिशेब तिथल्या तिथे चुकता झाला होता: कॉटरची जोडी, छर्रे, ग्रीस आणि मजुरी. मजुरी तर त्यांनी इतकी कमी सांगितली की मलाच संकोच वाटला. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही चाचाच म्हणे.

सायकल वडिलांची. काळी अ‍ॅटलस, 28 इंची चाकं, सळ्यांचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर. वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. 1925 साली सुरू झालेल्या त्या छापखान्याची पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, त्यात ही एक. वडील गेल्यावर ती जिन्याखाली उभी राहिली.

पुढे नाशकात सायकलचं वारं आलं. 2015 मध्ये महेंद्र आणि हितेंद्र या डॉक्टर महाजन बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली आणि गंगापूर रोडवर पहाटे हेल्मेटवाल्यांची गर्दी दिसू लागली. मीही गिअरची सायकल घेतली. बालेवाडीच्या वेलोड्रोमवर सराव केलेल्या एका मित्राने मात्र डोक्यात वेगळंच खूळ भरलं: फिक्स्ड गिअर. मागे फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, उतारावरसुद्धा. सायकल जन्मली तेव्हा अशीच होती. आयतं घरंगळण्याची चैन नंतरची.

जिन्याखालची अ‍ॅटलस त्यासाठी काढली. जिथे विचारलं तिथे एकच सल्ला मिळाला. हे जुने क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, फेका, अ‍ॅक्सल बदला, अ‍ॅल्युमिनियमचा सेट घाला. चाचांनी तो सल्ला ऐकून घेतला आणि मला विचारलं, “भाऊ, क्रँकनं काय बिघडवलंय तुमचं?”

बिघडवलं काहीच नव्हतं. पुढची चकती उजव्या क्रँकला पक्की, 44 दाते, सरळ. चेन पुढून मागे एका रेषेत. मागच्या चाकाची खाच मागे उघडणारी, म्हणजे चाक ओढून चेन हवी तेवढी ताणता येते. फिक्स्डला लागतं ते सगळं या बोजड सायकलीत मुळातच होतं. प्रश्न होता तो कॉटरचा.

क्रँक अ‍ॅक्सलला धरून ठेवतो तो बोटाएवढा पोलादी खुंटा म्हणजे कॉटर. त्याची एक बाजू उताराने कापलेली असते. फ्रीव्हील असताना क्रँकवर जोर मुख्यतः एकाच दिशेने येतो, त्यामुळे कॉटर किंचित सैल असला तरी खपून जातं. फिक्स्डमध्ये पाय चाकाला रोखतात तेव्हा जोर उलटा येतो आणि तोच सैलपणा खट्‌ खट्‌ वाजू लागतो. चाचांनी म्हणून जुने कॉटर काढून टाकले. नवी जोडी आणली आणि कानस घेऊन बसले. दोन्ही कॉटरचा उतार सारखाच घासावा लागतो. जरा फरक पडला की दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. ते घासत, घालून बघत, पुन्हा बाहेर काढत. ठोकताना क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा जमिनीवर उभा धरायचा, म्हणजे हातोडीचा घाव जमिनीत जातो, अ‍ॅक्सलच्या छर्‍यांवर आणि कटोर्‍यांवर बसत नाही. “नट कॉटर ओढायला नसतो, धरायला असतो,” ते म्हणाले. आधी ठोका, मग आवळा, थोडी चालवा, पुन्हा ठोका. इतक्या वर्षांत पान्याने नट पिळणारेच मी बघितले होते.

घासता घासता ते थांबले. उजव्या क्रँकच्या बाहेरच्या अंगावर बोट फिरवत म्हणाले, “वडलांचा उजवा पाय आत वळायचा का?”

वळायचा. त्यांच्या उजव्या चपलेची टाच नेहमी एका कडेने झिजायची, आई त्यावरून बोलायची. क्रँकवरचा मुलामा नेमका त्याच बाजूने उडाला होता, खालचं लोखंड गुळगुळीत झालं होतं. चाचांनी वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. मी जन्मभर पाहिलं होतं आणि ही खूण मला दिसली नव्हती. नवा सेट घातला असता तर ती भंगारात किलोच्या भावाने गेली असती. माझं देणं आहे ते याचं.

मागच्या हबला 18 दात्यांचं फिक्स्ड स्प्रॉकेट मित्राने आणून दिलं. त्यावर चाचांनी क्रँकच्या अ‍ॅक्सलच्या कटोरीवरची चकती आवळली; आटे तेच असतात. पण बजावलंही: खर्‍या ट्रॅक हबला या चकतीसाठी उलटे आटे असतात, इथे नाहीत, तेव्हा पायाने जोरात रोखलंत तर हे सुटू शकतं. ब्रेक काढायची फॅशन आहे म्हणालो, तर हातातलं काम खाली ठेवलं. दोन्ही ब्रेक राहतील, नाहीतर सायकल घेऊन जा.

ब्रेक राहिले. रविवार कारंज्याकडून होळकर पुलाकडे उतरताना पाय आपोआप भराभर फिरू लागतात तेव्हा हात पुढच्या ब्रेकवर असतो. पायडलचा एक फेरा म्हणजे साधारण साडेपाच मीटर. त्र्यंबक रोडच्या चढावर जड जातं, सपाटीला मजा येते.

3 जून 2020 ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. कॉटर मात्र अजून मिळतात आणि स्वस्त मिळतात. तुमच्या घरी जिन्याखाली, माळ्यावर अशी सायकल असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या जुन्या मिस्त्रींना दाखवा. क्रँक बदलू देऊ नका. आणि फिक्स्ड करणारच असाल, तर पुढचा ब्रेक काढू नका.