दहा नंबरच्या आजी का ओरडतात?

प्रिय चिऊ,

तुझी नेमणूक ज्येष्ठांच्या वॉर्डात झाल्याचं दादाने कळवलं. फार आनंद झाला. माझी सारी नोकरी वॉर्डातच गेली, म्हणून एक गोष्ट आजच लिहून ठेवते.

सकाळी चार्ज घेताना तुला ऐकायला मिळेल, ‘दहा नंबरच्या आजी रात्रभर ओरडल्या, झोपेचं इंजेक्शन दिलंय.’ आजींना डिमेन्शिया आहे म्हटल्यावर ओरडण्याचं कारण कुणी शोधत नाही. तू शोध.

नॉर्वेत बेटिना हुसेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं. १८ नर्सिंग होममधले ३५२ वृद्ध, सगळ्यांना मध्यम किंवा तीव्र डिमेन्शिया, सगळेच अस्वस्थ. त्यांतल्या एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक औषधं दिली. बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. दुसऱ्या गटाची देखभाल नेहमीसारखीच चालू ठेवली. औषध मिळालेल्यांची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. पुढे औषध थांबवलं, तशी ती पुन्हा चढली. २०११ साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. थांबवल्यावर पुन्हा चढली, हे मला फार मोलाचं वाटतं. ती माणसं दुखतंय म्हणून ओरडत होती, आणि ते सांगायला त्यांच्याकडे शब्द उरले नव्हते.

मग दुखणं ओळखायचं कसं? ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी आहे. श्वास, तोंडून निघणारा आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर माणूस शांत होतो का, अशा पाच गोष्टी बघायच्या; प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. पण माणूस स्वस्थ पडलेला असताना बघू नकोस. कूस बदलताना, खुर्चीतून उठवताना, आंघोळ घालताना बघ. झिजलेला गुडघा तेव्हाच बोलतो. पोट साफ झालंय का, लघवीला जळजळ आहे का, कानाचं मशीन चालू आहे का, हेही बघ. एका रात्रीत कुणी एकदम भ्रमिष्टासारखं वागायला लागलं, तर ‘म्हातारचळ’ म्हणून सोडू नकोस, डॉक्टरांना तेव्हाच उठव.

औषध लिहायचं काम त्यांचं, पण विचारायचं काम तुझं. २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला होता, की डिमेन्शियाच्या वृद्धांना शांत करायला नवी अँटिसायकोटिक (मनोविकारावरची) औषधं दिल्यास मृत्यूचा धोका दीडपटीहून अधिक होतो. २००८ मध्ये तोच इशारा जुन्या औषधांनाही लावला. कधीकधी ती द्यावीच लागतात. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला, तर दुसरा मार्ग नसतो. पण वॉर्ड शांत राहावा म्हणून देणं मला कधीच पटलं नाही.

ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड यांचं १९९७ मधलं ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’ मिळालं तर वाच. भल्या मनाची माणसंही कामाच्या घाईत रुग्णाला कशी वस्तूसारखी हाताळतात, हे त्यांनी नेमकं दाखवलंय. परक्या हातांनी लुगडं सोडलं की आजी चावायला धावतात. आपण त्याला ‘आक्रमक वर्तन’ म्हणून नोंदवतो. मला तर त्यात त्यांची शाबूत राहिलेली लाज दिसते.

आणि वॉर्डातल्या मावशींशी बोल. कोणत्या आजींना डाव्या कुशीवर झोपवलं की त्या कण्हतात, हे मावशींना पाठ असतं. पण त्यांना कुणी विचारत नाही आणि फाइलमध्ये ते येत नाही. ‘पेनॅड’चा तक्ता मी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून सोबत पाठवतेय. त्याच्या प्रती काढ आणि पहिली मावशींना दे.

तुझी,
आत्या